दुपारी दोननंतर झोपणारी चिप : एफपीजीएवर प्रोटोटाइप चढवताना

पाणचक्की · शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसती वाचत होते. आता नाकातोंडात पाणी जायला लागलंय म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

मी छत्रपती संभाजीनगरला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शेवटच्या वर्षाची चार पोरं हाताशी धरून दीड वर्षापासून एक छोटी चिप करतेय. आत ३२ बिटांचा रिस्क-व्ही कोअर (प्रोसेसर), ८-८ केबीच्या दोन कॅश (कोअरजवळची छोटी, जलद मेमरी), बाहेर डेटा न्यायला यूआर्ट आणि एसपीआय, टायमर, इंटरप्ट कंट्रोलर (कोअरला मध्येच हाक मारणारे सिग्नल सांभाळणारा) आणि मोटरच्या कंपनांचं एफएफटी काढणारा, म्हणजे कंपनांतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारा, एक हार्डवेअर ब्लॉक आहे. विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग जायच्या आधी शेतकऱ्याला कळावं, एवढीच मूळ कल्पना. आमच्या घरची मोटर दर उन्हाळ्यात जळते आणि वडील दर उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याच्या दारात बसतात, त्यातून सुचलेली. पुढंमागं केंद्र सरकारच्या सी-टू-एस (चिप्स टू स्टार्टअप) योजनेतून मोहालीच्या एससीएलमध्ये, म्हणजे सरकारी चिप कारखान्यात, १८० नॅनोमीटरवर चिप निघावी, असं स्वप्न आहे.

सिम्युलेशनमध्ये सगळं पास. मग म्हटलं, चिपच्या आधी एफपीजीएवर (हवं ते सर्किट आत भरता येतं अशा तयार चिपवर) चालवून बघू. बोर्ड आर्टिक्स-७ चा, १००टी. ६३,४०० लट (लॉजिकचे छोटे तक्ते), १,२६,८०० फ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारे), १३५ ब्लॉक रॅम (मेमरीचे तयार ठोकळे). आमच्या चिपला डोळे मिटून पुरेल असं वाटलं होतं.

पहिल्याच सिंथेसिसला (कोडचं सर्किट करताना) टूलनं, म्हणजे सॉफ्टवेअरनं, हात वर केले. मावत नाही म्हणे. दोन रात्री गेल्यावर कळलं की पोरांनी कॅशची मेमरी साध्या ॲरेसारखी लिहिली होती आणि रिसेटला लूप फिरवून अख्खी कॅश एका क्लॉकमध्ये (एका ठोक्यात) शून्य केली होती. ब्लॉक रॅम अशी एका फटक्यात पुसता येत नाही, म्हणून टूलनं प्रत्येक बिटाला एक फ्लॉप लावला. १६ केबी म्हणजे १,३१,०७२ बिट. अख्ख्या एफपीजीएतच फ्लॉप १,२६,८००! मेमरीला वेगळं वेष्टण केलं, आत चिपसाठी एसरॅमचा मॅक्रो (चिपवर बसवायचा तयार मेमरीचा ठोकळा) आणि बोर्डासाठी ब्लॉक रॅम, रीडला एक क्लॉक जास्त दिला, पुसायचं काम ओळीमागून ओळ करणाऱ्या छोट्या स्टेट मशीनला दिलं. तोच डेटा चार ब्लॉक रॅममध्ये बसला. इथवर ठीक.

खरी गंमत पुढं आहे. आता डिझाइन २५ मेगाहर्ट्झवर चालतं. टायमिंग रिपोर्ट (सिग्नल ठोक्याच्या आत पोचतात का याचा टूलनं केलेला हिशोब) हिरवागार, एकही व्हायोलेशन नाही. सकाळी आठला चालू केलं की चार-चार तास एफएफटी काढत बसतं. दुपारी दोनच्या सुमारास आडवं होतं. कधी यूआर्टवर कचरा येतो, कधी एफएफटीचे आकडे वेडेवाकडे येतात, कधी सगळंच गप्प. संध्याकाळी परत शहाणं. पोरं म्हणतात, मॅडम, बोर्डाला वामकुक्षी लागते.

लॅब वरच्या मजल्यावर आहे, पंखे आहेत, एसी नाही. मे महिना. बाकी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक. नेमकं कुठं अडतं ते बघायला आत आयएलए (आतले सिग्नल टिपून दाखवणारा ब्लॉक) टाकला, तर बिघाड गायब! काढला की परत हजर. पाहुणे आले की घरातलं द्वाड पोर कसं शहाण्यासारखं बसतं, तसं. कुणी या वाटेनं गेलंय का?

लातूर_पॅटर्न · शनिवार, रात्री १०:५८

ताई, बोर्डासमोर कूलर लावा. विषय संपला.

(गंमत करायलाव. वाचायलाव. मी पण याच ब्रँचचा आहे, पण आमच्याकडं एफपीजीए कपाटात कुलूपबंद असतो. नॅकची कमिटी आली की बाहेर निघतो.)

वाळूजचा_वायरमन · शनिवार, रात्री ११:२०

मी पॅनेल वायरिंग अन् पीएलसीचं (मशिनी चालवणाऱ्या कंट्रोलरचं) काम करतो, चिपमधलं मला कायबी कळत नाही. पण एक विचारू का मॅडम? सिम्युलेशनमध्ये पास झालं, मग बोर्डावर कामून चढवायचं? आम्ही लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम) लॅपटॉपवर चालवून बघतो अन् डायरेक लायनीवर टाकतो.

आन दुसरं. दुपारी दोनलाच बंद पडतंय तर दुपारी दोनला काय बदलतंय ते लिहून काढा. आमच्याकडं एक ड्राइव्ह रोज चारला ट्रिप व्हायचा. शेजारच्या शेडमध्ये चारला वेल्डिंग सुरू व्हायचं, एवढंच निघालं शेवटी.

पाणचक्की · शनिवार, रात्री ११:३५

वायरमन दादा, प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्या लॅपटॉपवर सिम्युलेशन सेकंदाला साधारण पन्नास हजार क्लॉक चालतं. बोर्डावर अडीच कोटी. मोटरचा दहा मिनिटांचा डेटा म्हणजे १,५०० कोटी क्लॉक. बोर्डाला दहा मिनिटं लागतात, लॅपटॉपला साडेतीन दिवस. तेही मध्ये लाईट गेली नाही तर.

दोन वाजताचं तापमान लिहून ठेवते. एफपीजीएच्या पोटातच सेन्सर असतो, तो वाचता येईल.

परभणीकर · रविवार, सकाळी ७:१०

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि पोटापाण्याला बेंगळुरू. गेली अकरा वर्षं हेच काम करतोय, मोठ्या चिपा एफपीजीएवर चढवायचं. पाणचक्की ताई, तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे असं मला वाटतं. तीन खुणा आहेत: रिपोर्ट हिरवा, उन्हात बिघाड, आयएलए टाकला की गायब.

टायमिंग रिपोर्ट काही सकाळच्या गार हवेचा नसतो. टूल सगळ्यात संथ आणि सगळ्यात जलद, अशा दोन्ही टोकांना हिशोब करतं, तापमानाची आणि व्होल्टेजची अख्खी मर्यादा धरून. साध्या कमर्शियल ग्रेडच्या आर्टिक्सला आतलं तापमान ८५ अंशांपर्यंत चालतं. तुम्ही त्याच्या आत असाल आणि तरी बिघाड येत असेल, तर ज्या वाटेवर बिघाड आहे ती वाट टूलनं मोजलेलीच नाही. उन्हाला आरोपी करू नका, तो फक्त साक्षीदार आहे. आयएलए टाकल्यावर सगळं प्लेसमेंट (कोण कुठं बसतं ते) हलतं, तारांची लांबी बदलते, न मोजलेली वाट नशिबानं जमून जाते.

आता मला सांगा, एफएफटी ब्लॉकला क्लॉक कुठून येतो? चिपवाल्यांच्या सवयीप्रमाणं फ्लॉपनं भागून, म्हणजे संथ करून, घेतलाय का? मध्ये क्लॉक गेटिंगचा (गरज नसताना क्लॉक अडवणारा) सेल आहे का? असेल तर विवाडोत (तुमच्या टूलमध्ये) टायमिंग समरीच्या आधी चेक टायमिंगचा भाग असतो, तो उघडा. तिथं 'नो क्लॉक' म्हणून एक आकडा असतो. तो आकडा इथं टाका. शून्य असला तर माझं अकरा वर्षांचं शिक्षण वाया गेलं असं समजा.

वायरमन दादांच्या प्रश्नाला जोड: आमच्याकडच्या मोठ्या चिपचं सिम्युलेशन सेकंदाला हजारभर क्लॉक चालतं. लिनक्स बूट व्हायला शंभर कोटी क्लॉक धरले तरी साडेअकरा दिवस. ५० मेगाहर्ट्झच्या प्रोटोटाइपवर वीस सेकंद. सॉफ्टवेअरवाले चिप यायची वाट बघत बसू शकत नाहीत, त्यांना आजच काहीतरी हवं असतं.

निर्भीड · रविवार, सकाळी ९:०३

स्पष्ट बोलतो, राग नसावा. बाजारात दीडदोनशे रुपयांत मायक्रोकंट्रोलर मिळतो, त्यावर एफएफटी आरामात होतं. इथं आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं आणि आपण चिपा बनवतोय. पोरांना नोकरीला लागेल असं काहीतरी शिकवा.

वाळूजचा_वायरमन · रविवार, सकाळी ९:३०

निर्भीड भाऊ, पाणी आठ दिवसांनी येतं म्हणून पोरांनी आठ दिवस हांड्याजवळ बसून ऱ्हायचं का? मॅडम, तुम्ही आकडा टाका.

पाणचक्की · रविवार, दुपारी ३:१५

निर्भीड, मायक्रोकंट्रोलरवर होतं हे मान्य. मोटर वाचवण्यापुरतं तेच करावं, वडिलांनाही मी तेच सांगितलंय. पण चिप कशी होते ते चिप केल्याशिवाय शिकवता येत नाही. एवढंच बोलते.

आज रविवारी मुद्दाम लॅब उघडायला लावली. आतलं तापमान सकाळी ४९, दुपारी सव्वादोनला ६८. म्हणजे ८५ च्या बरंच आत. आणि ६८ ला झोपली.

परभणीकर दादा, 'नो क्लॉक'चा आकडा: ३,८१२.

हा भाग रिपोर्टात होता. आम्ही सहा आठवडे रोज रिपोर्ट उघडत होतो आणि थेट खालच्या हिरव्या ओळीवर जात होतो.

परभणीकर · रविवार, दुपारी ३:४०

सापडला! लाजू नका. माझ्या पहिल्या प्रोजेक्टला हाच आकडा पाच अंकी होता.

झालं काय असणार ते सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. चिपमध्ये क्लॉक कुठंही भागा, कुठंही गेट करा, चालतं. कारण नंतर क्लॉक ट्री बांधताना प्रत्येक फांदी हातानं समतोल करता येते. वीज वाचवायला ते करावंच लागतं. एफपीजीएत क्लॉकचे रस्ते कारखान्यातच ओतलेले असतात. तुमच्या आर्टिक्समध्ये असे ३२ ग्लोबल बफर आहेत, त्यांच्यावरून क्लॉक गेला तर सगळीकडं जवळपास एकाच वेळी पोचतो. तुमचा भागलेला क्लॉक फ्लॉपातून निघाला, गेटिंगच्या सेलचं लट झालं, त्यातून साध्या डेटाच्या गल्लीबोळांतून फिरत पोचला. हमरस्ता सोडून पांदीनं गेलेली बैलगाडी. मूळ क्लॉकपेक्षा किती मागं राहील हे प्रत्येक प्लेसमेंटला वेगळं. त्यात तुम्ही टूलला सांगितलंच नाही की फ्लॉपच्या पलीकडं जे आहे तोही क्लॉकच आहे. टूल ते आपणहून धरत नाही. त्यामुळं ते ३,८१२ फ्लॉप हिशोबातच नाहीत, आणि हिशोबात नाहीत म्हणून तिथं व्हायोलेशनही नाही. हिरवागार.

उपाय: भागलेला क्लॉक काढून टाका. सगळे फ्लॉप एकाच २५ मेगाहर्ट्झवर ठेवा आणि एफएफटीला क्लॉक इनेबल द्या, म्हणजे दर चौथ्या ठोक्याला काय ते करेल. गेटिंग सेलची एफपीजीएसाठी वेगळी आवृत्ती करा, आत बीयूएफजीसीई (चालू-बंद करता येणारा ग्लोबल बफर). तुमचं गेटिंग साधं असेल तर गेटेड क्लॉक आपोआप इनेबलमध्ये बदलायची सोयही सिंथेसिसमध्ये आहे, पण पहिल्यांदा हातानंच करा. काय बदललं ते कळतं.

लातूर_पॅटर्न · रविवार, दुपारी ४:०५

थांबा थांबा. म्हणजे चिपच्या डिझाइनमध्ये चूक नव्हतीच? चिपसाठी जे बरोबर तेच बोर्डावर चूक? मग बोर्डावर बदललेलं डिझाइन टेस्ट करून चिपबद्दल काय कळालं?

परभणीकर · रविवार, संध्याकाळी ६:२०

लातूरकर, हा प्रश्न मुलाखतीत विचारलास तर मी लगेच घेईन तुला.

खरी अडचण तीच आहे. एफपीजीएवर चढवायला मेमरी बदलली, क्लॉक बदलला, क्लॉक तयार करणाऱ्या पीएलएलच्या जागी एफपीजीएतला एमएमसीएम आला, ॲनालॉग भाग काढून बाहेर बोर्डावर ठेवला, पॉवर डोमेन (चिपच्या एकेका भागाची वीज) बंद-चालू करायचं तर सोडूनच दिलं. जे चाललं ते तुमच्या चिपचं जुळं भावंड नाही, चुलतभाऊ आहे. म्हणून बदल जितके करायचे ते वेष्टणात करा, मूळ आरटीएलला (चिपच्या मूळ कोडला) हात लावू नका. मेमरी, क्लॉक, आयओ पॅड (बाहेरच्या जोडण्या), या तीन वेष्टणांत बहुतेक सगळं मावतं. ताईंनी मेमरीला ते केलंच आहे.

मोठ्या चिपला तर आणखी एक दुखणं. एका एफपीजीएत मावतच नाही. टोरोंटोच्या कुऑन आणि रोझ यांनी २००६ साली मोजलं होतं: तेच लॉजिक एफपीजीएत चिपच्या साधारण ४० पट जागा खातं आणि तीन-चार पट संथ चालतं. त्यामुळं आजच्या मोठ्या चिपचे तुकडे करून चार-आठ एफपीजीएंवर वाटावे लागतात. आम्ही वापरतो तो एफपीजीए व्हीयू१९पी, ९० लाख लॉजिक सेलचा. पोटात चार डाय (सिलिकॉनचे तुकडे) शेजारी शेजारी बसवलेत, म्हणजे एका चिपच्या आतही तुकडेच. पिना मात्र २,०७२. लॉजिक वाढतं त्या मानानं पिना वाढत नाहीत. आयबीएममधल्या रेंट नावाच्या इंजिनिअरनं हे १९६० सालीच ताडलं होतं.

समजा दोन तुकड्यांच्या सीमेवरून ८,००० सिग्नल जातायत आणि त्या शेजाऱ्यासाठी माझ्याकडं तारांच्या ४०० जोड्या आहेत. एका जोडीवर वीस सिग्नल पाळीपाळीनं पाठवायचे. एकाच एसटीत वीस गावची माणसं कोंबायची आणि प्रत्येकाला वाटतं गाडी आपल्यासाठीच निघाली. जोडी सेकंदाला एक अब्ज बिट नेत असेल तर वीस बिटांना २० नॅनोसेकंद, वर चढण्या-उतरण्याचा वेळ. झाले पस्तीस-चाळीस. म्हणजे अख्ख्या चिपचा क्लॉक २५ मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. आणि एखादी वाट एकाच क्लॉकमध्ये सीमा ओलांडून परत आली तर त्याच्याही निम्मा. म्हणून तुकडा कुठं पाडायचा यावर आमचे महिने जातात. एएक्सआय बससारख्या (ब्लॉकांना जोडणाऱ्या सामायिक रस्त्यासारख्या) ठिकाणी, जिथं मध्ये रजिस्टर घालून एखादा क्लॉक उशीर परवडतो, तिथं पाडायचा. कोअर आणि त्याची कॅश यांच्या मधोमध पाडला की मेलात.

एकदा दर दोन-तीन तासांनी एक बिट उलटा यायचा. नऊ दिवस तिघं जण आरटीएल चाळत होतो. प्रोटोकॉल तपासला, सीडीसी (एका क्लॉकमधून दुसऱ्यात जाणारे सिग्नल) तपासलं, एकमेकांशी बोलणं बंद झालं. दहाव्या दिवशी साफसफाईच्या मावशींनी रॅकमागची धूळ-जाळी काढली आणि बिघाड गेला. दोन बोर्डांमधल्या केबलचं कनेक्टर अर्धा मिलिमीटर सैल होतं. मावशींना टीमकडून साडी दिली. मॅनेजरला खरं कारण आजवर सांगितलेलं नाही.

गोदाकाठ · रविवार, रात्री ९:१५

चर्चा छान चालली आहे. मी नांदेडचा, निवृत्त आहे. पंचवीस वर्षं चिप व्हेरिफिकेशन केलं, त्यातली बरीचशी देशाबाहेर. थोडं वडीलकीनं सांगतो.

परभणीकरांनी एक बाजू सांगितली: चिपमध्ये बरोबर असलेली गोष्ट बोर्डावर बिघडते. ते त्रासदायक असतं, पण धोक्याचं नसतं. बोर्ड ओरडून सांगतो. मला भीती दुसऱ्या बाजूची आहे. चिपमध्ये चूक आहे आणि बोर्ड गप्प बसतो.

उदाहरण देतो. एफपीजीए चालू होतो तेव्हा बिटस्ट्रीम (तुमच्या डिझाइनची फाइल) आत भरला जातो आणि त्याबरोबर प्रत्येक फ्लॉपला सुरुवातीची किंमत मिळते. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर बहुधा शून्य. म्हणजे एखाद्या रजिस्टरला रिसेट द्यायचा राहून गेला तरी बोर्डावर ते रोज शून्यापासूनच उठतं. चिपमध्ये तसं कुणी भरत नाही. वीज आली की फ्लॉप शून्यावर पडेल की एकावर, त्याचं त्यालाच ठाऊक. बोर्डावर सहा महिने धावलेली चिप फॅबमधून (चिपच्या कारखान्यातून) येते आणि पाचातली दोन उठतच नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

ब्लॉक रॅमचंही तसंच. एकाच पत्त्यावर एकाच क्षणी वाचलं आणि लिहिलं तर जुनी किंमत मिळणार की नवी, हे ब्लॉक रॅममध्ये तुम्ही ठरवून देऊ शकता. तुमच्या एसरॅम मॅक्रोच्या कागदात त्या जागी काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळदा 'सांगता येत नाही' असंच असतं.

वेगाचे आकडेही बोर्डावरून घेऊ नका. कोअर २५ मेगाहर्ट्झवर आणला तरी बाहेरची डीडीआर३ मेमरी नेहमीच्या पद्धतीनं चालवायची तर साधारण ३०० मेगाहर्ट्झच्या खाली नेता येत नाही. संथ कोअरला मेमरी विजेसारखी वाटते. कॅश चुकल्याचा (हवं ते कॅशमध्ये न सापडल्याचा) दंडच जाणवत नाही. खऱ्या चिपमध्ये तोच दंड कंबरडं मोडतो.

पाणचक्की, तुम्ही सिम्युलेशन कशात करता? व्हेरिलेटर असेल तर तो फक्त शून्य आणि एक ओळखतो, 'माहीत नाही' ही तिसरी अवस्था त्याच्याकडं धड नाही. सुरुवातीच्या किमती हव्या तशा विस्कटून द्यायची सोय मात्र त्यात आहे. ती चालू करा आणि तुमच्या सगळ्या टेस्ट वेगवेगळ्या बियांवर (सीड, म्हणजे किमती विस्कटायला दिलेला सुरुवातीचा आकडा) शंभरदा फिरवा. बोर्ड दुरुस्त व्हायच्या आधी हे करा.

१९९४ चा पेंटियम प्रोसेसरचा चुकलेला भागाकार अनेकांना आठवत असेल. एका तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. तुमची चूक एवढी महाग नाही, पण तुमच्या पोरांचं वर्ष त्यांना तितकंच महाग आहे.

अवांतर: एससीएलमध्ये उत्पादन १९८४ साली सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत आर्टिक्सवाली झायलिंक्स स्थापन झाली, आणि १९८५ साली त्यांचा पहिला एफपीजीए आला, अवघ्या ६४ ब्लॉकचा. १९८९ च्या फेब्रुवारीत एससीएलला आग लागली. आम्ही तेव्हा शिकत होतो. हॉस्टेलच्या रेडिओवर ऐकलं होतं.

लातूर_पॅटर्न · रविवार, रात्री ९:४०

काका, दंडवत. धागा वाचनखुणांत टाकलाय.

पाणचक्की · बुधवार, रात्री ११:५०

तीन दिवस गायब होते, कारण सांगते.

सोमवारी भागलेला क्लॉक काढला. पोरांपैकी एकीनं गेटिंग सेलचं वेष्टण केलं, दुसऱ्यानं एफएफटीत इनेबल ओढला. वाचायला सोपं, करायला जिवावरचं. एफएफटीच्या आतल्या पाइपलाइनला प्रत्येक टप्प्यावर इनेबल पोचवावा लागतो. एका टप्प्याला विसरलो तर उत्तर एक ठोका सरकून आलं, आणि आम्ही आणखी अर्धा दिवस गणितात चूक शोधत बसलो. मध्ये दोनदा लाईट गेली. इन्व्हर्टर राउटिंगच्या (टूल तारा जोडत असतानाच्या) ऐन भरात बसला. आता प्रत्येक टप्प्यानंतर चेकपॉइंट लिहून ठेवतो. ही अक्कल आधी यायला हवी होती.

मंगळवारी 'नो क्लॉक' शून्य. आणि हिरव्या ओळीच्या जागी लाल! सतरा व्हायोलेशनं. पोरांचे चेहरे उतरले, मला मात्र हायसं वाटलं. ती सतरा सगळी एसपीआयच्या सीमेवर होती. एक आठ बिटांची बस एका क्लॉकमधून दुसऱ्यात नुसती दोन-दोन फ्लॉप लावून नेली होती. एका बिटाला ते चालतं, आठ बिट एकत्र न्यायचे तर काही आधी पोचतात, काही मागून. तिथं ग्रे कोडवाला फिफो (जिच्या मोजणीत एका वेळी एकच बिट बदलतो अशी रांग) टाकला. दादा, ही मात्र चिपमधलीही चूकच होती ना?

आज दुपारी १२ ते ५ पोरं बोर्डासमोर बसून होती. आतलं तापमान ७१ पर्यंत गेलं. झोपली नाही.

आता गोदाकाठ काका, तुमचं. मंगळवारी रात्रीच व्हेरिलेटरला किमती विस्कटायला सांगून शंभर बिया लावून झोपले. सकाळी उठून बघते तर ५३ नापास. सगळ्या टायमर इंटरप्टच्या टेस्ट. इंटरप्ट कंट्रोलरमधल्या थ्रेशोल्ड रजिस्टरला (किती महत्त्वाचे इंटरप्ट आत सोडायचे ते ठरवणाऱ्या) रिसेटच नव्हता. बोर्डावर ते शून्यापासून उठायचं, म्हणजे सगळ्या इंटरप्टना वाट मोकळी. आमच्या बूट कोडमध्येही ते कुणी लिहीत नव्हतं, कारण कधी गरजच पडली नाही. चिपमध्ये ते वर कुठंतरी उठलं असतं तर टायमरचा इंटरप्ट कोअरपर्यंत पोचलाच नसता, आणि आम्ही चिप हातात घेऊन बसलो असतो.

दुरुस्ती एका ओळीची. ज्यानं तो ब्लॉक लिहिला तो पोरगा दुपारी जेवला नाही. त्याला मी माझा 'नो क्लॉक'चा सहा आठवड्यांचा रिपोर्ट दाखवला, मग जेवला.

परभणीकर · गुरुवार, सकाळी ६:५५

हो ताई, बसची चूक दोन्हीकडची. चिपमध्येही तशीच गेली असती. फिफो मूळ आरटीएलमध्येच टाका, वेष्टणात नको.

आणखी एक चिमटा. आयएलए आता परत टाकून बघा. ब्लॉक रॅमचा हिशोब ठेवा: २५६ सिग्नल, ४,०९६ खोलीनं (तेवढ्या ठोक्यांची नोंद) घेतले की एकोणतीस ब्लॉक रॅम गेल्या. तुमच्याकडं १३५ आहेत, घाबरायचं कारण नाही, पण दोन आयएलए टाकायची हौस करू नका. टाकल्यावर आणि काढल्यावर डिझाइन सारखंच वागलं तर मी निश्चिंत झोपेन.

गोदाकाठ · गुरुवार, सकाळी ८:३०

५३ हा आकडा पाहून समाधान वाटलं. आता त्याच शंभर बिया गेट पातळीच्या नेटलिस्टवर (सिंथेसिसनंतरच्या सर्किटवर) फिरवा. वेळ लागेल, फिरवाच. आणि त्या मुलाला माझ्याकडून सांगा, माझ्या पहिल्या चिपमध्ये मी रिसेटची पोलॅरिटीच उलटी जोडली होती.

निर्भीड · गुरुवार, सकाळी १०:१२

बरं. माझा पुतण्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. सुट्टीत पाठवला तर बसू द्याल का कोपऱ्यात?

पाणचक्की · गुरुवार, दुपारी १:०५

पाठवा. खुर्च्या कमी आहेत, पंख्याखालची तर एकच. लवकर येईल त्याची.

वाळूजचा_वायरमन · गुरुवार, रात्री ८:४५

मॅडम, मला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण शेजारच्या शेडमधल्या वेल्डिंगसारखंच निघालं म्हणायचं.

आमच्या गावाकडं पाच एचपीची मोनोब्लॉक आहे. बेअरिंग वाजतंय, अजून गेलेलं नाही. तुमच्या एफएफटीला खरं बिघडलेलं गिऱ्हाईक पाहिजे असंल तर रविवारी टेम्पोत टाकून आणतो. लॅब कितव्या मजल्यावर आहे?

पाणचक्की · गुरुवार, रात्री ९:०२

तिसऱ्या. लिफ्ट बंद आहे.

वाळूजचा_वायरमन · गुरुवार, रात्री ९:०६

दोन माणसं जास्तीची आणतो.